सातबाऱ्यावरचा बोजा आणि जोडलेली चार आडनावं

१२ ऑगस्ट १९३९. मॉस्कोत ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशियाचे सेनाधिकारी एका टेबलाभोवती बसले होते. हिटलरला अडवायला तिघांनी हातमिळवणी करायची की नाही, हे ठरायचं होतं. सोव्हिएत संरक्षणमंत्री वोरोशिलॉव यांनी सुरुवातीलाच विचारलं, की सह्या करण्याचा लेखी अधिकार कोणाकडे आहे? ब्रिटिश पथकाच्या प्रमुखाकडे असा कागद नव्हता. त्याच्या सरकारने त्याला संथ चालीच्या एका प्रवासी जहाजातून, बोलणी सावकाश करा अशा सूचना देऊन पाठवलं होतं. अकरा दिवसांनी रशियाने जर्मनीशी करार केला आणि महिना संपतो न संपतो तोच युद्ध पेटलं.

त्या प्रमुखाचं नाव ॲडमिरल सर रेजिनाल्ड प्लंकेट-अर्नली-अर्ल-ड्रॅक्स. (यातला ‘अर्ल’ हा किताब नव्हे, ते एका घराण्याचं आडनाव आहे.) इतिहासकार त्याच्याकडे नसलेल्या कागदाबद्दल लिहितात. मला त्याचं नाव जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते नाव हाच एक कागद आहे. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या आणि ॲटलांटिकपलीकडच्या बार्बाडोस बेटावरच्या जमिनीचा तो मालकी हक्क आहे. जुन्या घराण्यांच्या संपत्तीबद्दल, गुलामीबद्दल आणि भरपाईबद्दल ब्रिटनमध्ये आज जो वाद चालू आहे, त्याचं उत्तर मला या नावाच्या घडणीत दिसतं.

सुरुवात शेवटच्या आडनावापासून करू. जेम्स ड्रॅक्स १६२७च्या सुमारास, विशी गाठायच्या आत, बार्बाडोसला पोचला. ब्रिटिशांनी तिथे वस्ती करायला नुकतीच सुरुवात केली होती. तंबाखू आणि कापूस करून फारसं हाती लागत नव्हतं. १६४०च्या दशकात ड्रॅक्स आणि त्याच्यासारख्या मोजक्या मळेवाल्यांनी ब्राझीलमधल्या डचांच्या ताब्यातल्या मुलखातून ऊस आणि साखर करायची विद्या उचलली, आणि बेटाचं नशीब पालटलं.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तोडलेला ऊस थांबत नाही. वेळेत गाळला नाही तर साखरेचा उतारा पडतो. म्हणून घाणा शेतालगत लागतो, चुलाण विझू देता येत नाही, काहिलीपाशी रात्रभर जागा माणूस लागतो. आपल्याकडच्या गुऱ्हाळात हा हंगाम काही महिन्यांचा आणि माणसं घरची किंवा मजुरीची. बार्बाडोसमध्ये हेच काम शेकडो एकरांवर, आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांकडून, चाबकाच्या धाकावर करून घेतलं गेलं. घाण्याच्या रुळांत हात सापडला तर तो तोडून माणूस सोडवायला कुऱ्हाड जवळच ठेवलेली असे. कॅरिबियन बेटांवरच्या साखर-घाण्यांच्या जुन्या वर्णनांत ही कुऱ्हाड पुन्हा पुन्हा येते. १६६१ साली बार्बाडोसच्या विधानसभेने गुलामांसाठी स्वतंत्र कायदा केला. मालकाने शिक्षा करताना गुलाम मेला तरी मालकाला जवळपास अभय देणारा तो कायदा पुढे जमैकाने आणि अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाने नमुना म्हणून घेतला. म्हणजे हे बेट नुसती साखर पिकवत नव्हतं. माणसाला मालमत्ता ठरवणारी कायद्याची भाषाही तिथे घडत होती, आणि ड्रॅक्स या व्यवस्थेच्या अगदी पहिल्या कर्त्यांपैकी एक होता. राजाला हटवून इंग्लंडचा कारभार हाती घेतलेल्या क्रॉमवेलने त्याला ‘सर’ केलं. सेंट जॉर्ज परगण्यातला त्याचा वाडा, ड्रॅक्स हॉल, आजही उभा आहे.

इथून पुढे नावाची गोष्ट सुरू होते, आणि ती मी जरा सावकाश सांगणार आहे.

जेम्सचा मुलगा हेन्री. मळा कसा चालवावा, गुलामांना काय खायला द्यावं, शिक्षा केव्हा करावी, याच्या तपशीलवार सूचना त्याने लिहून ठेवल्या. त्या आजही अभ्यासकांच्या वाचनात असतात. हेन्रीला मूल नव्हतं. मालमत्ता गेली भाच्याकडे. त्याचं नाव थॉमस शॅटरडन. वारसा घेताना तो ड्रॅक्स झाला. त्याच्या मुलाने डॉर्सेटमधल्या चारबरो या मोठ्या जहागिरीच्या वारस मुलीशी लग्न केलं. तिच्या बाजूने अर्नली आणि अर्ल ही नावं आली. अर्ल हे राजकारणातलं आणि लढायांतलं बडं घराणं. राजा विरुद्ध पार्लमेंट अशा इंग्लंडमधल्या यादवी युद्धात पार्लमेंटच्या बाजूने लढलेला वॉल्टर अर्ल आणि पुढे स्पेनमध्ये लढलेला जनरल थॉमस अर्ल हे त्यांचेच. पुढे वंश पुन्हा मुलीवर आला. तिच्या नवऱ्याने, ग्रोव्हनरने, अर्ल-ड्रॅक्स हे नाव जोडून घेतलं. त्यांचीही वारस अखेर मुलगीच ठरली. १८२०च्या दशकाच्या अखेरीस तिचा नवरा जॉन सॉब्रिज हा सॉब्रिज-अर्ल-ड्रॅक्स झाला. त्याच्या नातीचं लग्न आयर्लंडच्या डनसेनी घराण्यातल्या प्लंकेटशी झालं. थोरल्या मुलाला बापाचा किताब आणि आयर्लंडमधला किल्ला मिळाला. धाकटा आरमारात होता. पहिल्या महायुद्धात ॲडमिरल बीटीच्या ‘लायन’ या युद्धनौकेवर तो नुसता प्लंकेट म्हणून नोकरी करत होता. १९१६ साली आईची मालमत्ता त्याच्याकडे आली आणि त्याच वर्षी राजाच्या परवान्याने त्याने चारही आडनावं धारण केली. तोच पुढे मॉस्कोला गेलेला ॲडमिरल. १९३२ ते १९३४ या काळात तो ब्रिटिश आरमाराच्या अमेरिका आणि वेस्ट इंडीज विभागाचा प्रमुख होता. त्याच्या घराण्याचा ऊस ज्या समुद्रातल्या बेटावर उभा होता, त्याच समुद्राची राखण त्याच्याकडे आली.

म्हणजे ड्रॅक्स हे नाव आपोआप टिकलेलं नाही. पुरुषवंश अनेकदा खुंटला आणि प्रत्येक वेळी कोणीतरी पुरुषाने आपलं जन्मनाव मागे सारून किंवा त्याला जोड देऊन हे नाव घेतलं, कारण नावासोबत जमीन येत होती. इंग्लंडच्या जमीनदार वर्गात हा रूढ मार्ग होता. मृत्युपत्रातच अट असे की जो माझं नाव आणि कुलचिन्ह धारण करील त्यालाच जहागीर मिळेल. आपल्या इतिहासात याला जवळची गोष्ट म्हणजे वतन राखण्यासाठी घेतलेलं दत्तक. आणि इथे मला साताऱ्याची आठवण येते. १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब वारले. त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने अमान्य केला आणि राज्य खालसा केलं. त्याच काळात, त्याच राज्यकर्त्या वर्गाच्या मायदेशात, भाचा, जावई, नातजावई अशा कोणालाही नाव देऊन घराणी जिवंत ठेवली जात होती आणि त्यावर राजाची मोहोर उमटत होती. वारसा कोणाचा खरा मानायचा, हे साम्राज्य आपल्या सोयीने ठरवत होतं.

आता १८३६ सालाकडे येऊ. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामी बंद करण्याचा कायदा केला आणि २ कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. ही रक्कम सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के होती. ती गुलामांना मिळाली नाही. ती मिळाली मालकांना, त्यांची ‘मालमत्ता’ गेली म्हणून. मुक्त झालेल्यांना उलट आणखी चार वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकांकडे बिनमोल राबावं लागलं. जॉन सॉब्रिज-अर्ल-ड्रॅक्स यांना ड्रॅक्स हॉलवरच्या १८९ माणसांबद्दल ४,२९३ पौंड, १२ शिलिंग आणि ६ पेन्स मिळाले. दर माणशी सुमारे २३ पौंड. हा गृहस्थ पार्लमेंटचा सभासद म्हणूनही अनेक वर्षं निवडून येत राहिला. १८४०च्या सुमारास त्याने चारबरोभोवती विटांची भिंत बांधली. ती जवळपास तीन मैल लांब आहे आणि तिला वीस लाखांहून जास्त विटा लागल्या. भरपाईचा पैसा त्याच भिंतीत गेला असं मी म्हणत नाही. भिंत मात्र आजही हमरस्त्याच्या कडेने दिसते. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे हप्ते ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडले. म्हणजे वेस्ट इंडीजमधून ब्रिटनला गेलेले, गुलामांच्या वंशातले लोकही आपल्या करातून हे कर्ज फेडत होते.

ॲडमिरलचा नातू रिचर्ड ड्रॅक्स २०१० ते २०२४ साउथ डॉर्सेटचा खासदार होता. वडिलांच्या मृत्यूनंतर ड्रॅक्स हॉल त्याच्याकडे आला. सुमारे २५० हेक्टरांचा तो मळा चार शतकांजवळ एकाच घराण्याकडे आहे. बार्बाडोसचे इतिहासकार हिलरी बेकल्स यांच्या मते, या घराण्याच्या बार्बाडोस आणि जमैकातल्या मळ्यांवर दोन शतकांत ३०,००० पर्यंत गुलाम मेले असावेत. रिचर्ड ड्रॅक्स यांचं म्हणणं असं, की आपल्या दूरच्या पूर्वजाने जे केलं ते अत्यंत खेदाचं आहे, पण शेकडो वर्षांपूर्वीच्या गोष्टींसाठी आज कोणाला जबाबदार धरता येणार नाही.

हे म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यातला अर्धा भाग खरा आहे. पाप रक्तातून उतरत नाही. ॲडमिरल ड्रॅक्सने कोणाला फटके मारले नाहीत. त्याच्या नातवानेही नाहीत. ‘तुझ्या खापरपणज्याने माझ्या खापरपणज्याला छळलं, म्हणून तू अपराधी’ असं म्हणणारा न्याय मला नको आहे. जातीच्या नावाने माणसाला जन्मतःच दोषी ठरवणाऱ्या समाजात वाढलेल्या कोणालाही तो नको असावा.

पण वारसा ही निराळी गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला कायद्याच्या पुस्तकावाचून कळते. माझे आजोबा गेले तेव्हा वडिलांनी तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज केला. फेरफार झाला, सातबाऱ्यावर वडिलांचं आणि काकांचं नाव लागलं. त्याच उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा होता. आजोबांनी विहिरीसाठी घेतलेलं कर्ज. कर्ज काढलं तेव्हा काका शाळेत होते. ते कोणाला असं म्हणाले नाहीत, की हे मी घेतलेलं नाही, मला त्याचं काय. जमीन नको असती तर बोजाही नको म्हणता आला असता. जमीन घेतली, बोजा आला. बोजा फेडला तेव्हा सातबारा कोरा झाला. आपल्या न्यायालयांतही हेच चालतं. वारसाला पूर्वजाच्या कर्जाबद्दल विचारताना एवढंच पाहतात, की त्याच्या हाती मालमत्ता किती आली. तेवढ्यापुरतं देणं त्याच्यावर येतं. तो माणूस म्हणून चांगला की वाईट, हा मुद्दाच नसतो.

ड्रॅक्स नावाचा इतिहास म्हणजे अशा वारसनोंदींची रांग आहे. शॅटरडनला शॅटरडन राहता आलं असतं. सॉब्रिज केंटमधल्या आपल्या घरच्या नावावर समाधानी राहू शकला असता. प्लंकेट या नावाला तर आयर्लंडमध्ये स्वतःची प्रतिष्ठा होती. प्रत्येकाने ड्रॅक्स होणं निवडलं, कारण त्या नावाखाली जमीन, जंगल, वाडा आणि साखर होती. ज्या साखळीतला प्रत्येक दुवा स्वखुशीने जोडलेला आहे, त्या साखळीच्या शेवटच्या माणसाला ‘पहिला दुवा फार दूरचा आहे’ असं म्हणता येत नाही.

ब्रिटनमध्ये यावर एक उत्तर हमखास येतं, आणि ते आरमाराचं आहे. गुलामांचा व्यापार आम्हीच थांबवला, असं ते उत्तर. हे खरं आहे. १८०७च्या कायद्यानंतर ब्रिटिश आरमाराच्या पश्चिम आफ्रिकी ताफ्याने पुढच्या सुमारे साठ वर्षांत १,६०० च्या आसपास गुलामवाहू जहाजं पकडली आणि दीड लाख माणसं सोडवली. त्यात कितीतरी ब्रिटिश खलाशी तापाने मेले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्या खलाशांचं पुण्य मळेवाल्यांच्या खात्यावर जमा करता येणार नाही. किनाऱ्यावर तापाने मेलेल्या खलाशाच्या विधवेला ४,२९३ पौंड मिळाले नव्हते. ते ज्यांना मिळाले ते वेगळे लोक होते, आणि त्यांची नावं सरकारी वहीत आहेत.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. मग आपलं काय? देशमुखी, पाटीलकी, कुलकर्णी वतनं यांचा हिशेब कोण देणार? महार वतनाच्या नावाखाली गावाने अहोरात्र करून घेतलेल्या कामाचा मोबदला कोणाकडून घ्यायचा? हा प्रश्न टाळून ड्रॅक्सबद्दल लिहिणं मला अप्रामाणिक वाटलं असतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली. आफ्रिकी गुलामांचं दुःख आणि इथल्या शूद्रातिशूद्रांचं दुःख एका रांगेत मांडायचं धाडस त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी केलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणलं. ते वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं. म्हणजे हा प्रश्न मराठी विचाराला परका नाही, आपण तो आपल्या घरात आधीच विचारलेला आहे. आणि आपलं उत्तर अपुरं आहे म्हणून ड्रॅक्स घराण्याला सूट मिळत नाही. ज्या मापाने तिथे मोजायचं त्याच मापाने इथेही मोजावं लागेल, एवढंच त्यातून निघतं, आणि ते मला मान्य आहे. जिथे मालमत्ता, कागद आणि नाव तिन्ही सलग सापडतात, तिथून सुरुवात करावी. आपल्याकडेही अशी प्रकरणं आहेत.

काही ब्रिटिश घराण्यांनी सुरुवात केलीही आहे. २०२३च्या फेब्रुवारीत ट्रेव्हेलियन घराण्यातले लोक ग्रेनाडाला गेले, त्यांनी जाहीर माफी मागितली आणि शिक्षणासाठी १ लाख पौंड देऊ केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्लॅडस्टन घराण्याने गयानात माफी मागितली. पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या वडिलांना १८३०च्या दशकात लाखाहून अधिक पौंड भरपाई मिळाली होती. या रकमा पुरेशा नाहीत. तरी या माणसांनी बोजा आपल्या उताऱ्यावर आहे, हे वाचून दाखवलं. विशेष म्हणजे, ज्या मळ्यांसाठी त्यांनी माफी मागितली ते मळे त्यांच्या हातून केव्हाच गेलेले आहेत. ड्रॅक्स हॉल गेलेला नाही. तिथे जमीनच हजर आहे.

म्हणून २०२४च्या एप्रिलमधली बातमी मला अस्वस्थ करून गेली. बार्बाडोस सरकार घरं बांधण्यासाठी ड्रॅक्स हॉलची २१ हेक्टर जमीन बाजारभावाने घेणार होतं. भाव सुमारे ३० लाख पौंड सांगितला जात होता. ज्या मातीत गुलामांच्या पिढ्या गाडल्या गेल्या, ती त्यांच्याच वंशजांच्या कराच्या पैशातून विकत घ्यायची, आणि पैसे पुन्हा त्याच घराण्याला. बेटावर संताप उसळला आणि पंतप्रधान मिया मोटली यांनी व्यवहार थांबवला. सरकारची अडचण मी समजू शकतो. लोकांना घरं हवी आहेत, आणि संमतीविना जमीन घेणाऱ्या छोट्या देशाला परदेशी गुंतवणूकदार कसे वागवतात हे त्यांना ठाऊक आहे. पण पहिलं पाऊल बार्बाडोसने उचलायचं नाही. ते उताऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याने उचलायचं आहे. ड्रॅक्स हॉलचा वाडा आणि मळा बार्बाडोसच्या लोकांच्या स्वाधीन करावा, मोल न घेता. डॉर्सेटची जहागीर कायम राहील, भिंतही राहील.

हिशेब कसा करणार, असं काही जण विचारतात. इतक्या जुन्या अन्यायाची किंमत कोण ठरवणार? १८३६ साली ती ठरवली गेली होती, शेवटच्या सहा पेन्सपर्यंत. त्या वेळी जेम्स ड्रॅक्स मरून पावणेदोनशे वर्षं होत आली होती. त्याच्या पैशाने उभ्या राहिलेल्या मळ्याचे मालक आपणच आहोत, हे लंडनच्या आयुक्तांपुढे कागद दाखवून सिद्ध केल्यावरच भरपाई मिळत होती. नातं फार दूरचं आहे असं तेव्हा त्या घरातलं कोणी म्हणालं नाही. त्याच काळातल्या बार्बाडोसच्या गुलाम-नोंदवह्यांत माणसांची नावं आहेत, वय आहे, काम आहे, आफ्रिकेत जन्मली की बेटावर, तेही आहे. आडनावाचा रकाना नाही.